मुलूख आणि मनगट

इसवी सन १४९० च्या मे महिन्यात, २८ तारखेस, भिंगारजवळ जी लढाई झाली तिच्यात जुन्नरहून उठलेल्या मलिक अहमदाने बहामनी सरदार जहांगीरखानाच्या फौजेचा पाडाव केला, आणि पुढे १४९४ साली त्याच विजयभूमीच्या आसऱ्याने आपल्या नावाचे शहर वसविण्यास प्रारंभ केला, ही हकीकत नगर जिल्ह्यातील शाळकरी मुलासही ठाऊक असते. परंतु या लढाईच्या मुळाशी जो जुना कलह होता त्याला पाठ्यपुस्तकात एखाद्या ओळीहून अधिक जागा सहसा मिळत नाही. बहामनी दरबारात दख्खनी आणि आफाकी असे दोन तट पडलेले होते. दख्खनी म्हणजे या मुलखात रुजलेले सरदार, आणि आफाकी म्हणजे इराण, तुराण, अरबस्तान येथून केवळ गुणांच्या भांडवलावर दैव अजमावण्यास समुद्र ओलांडून आलेले. आफाक्यांचा आधारस्तंभ असलेला वजीर महमूद गवान हा गिलान प्रांतीचा. त्याचा १४८१ साली शिरच्छेद झाला तो ज्या दख्खनी गटाच्या कारस्थानाने, त्याचा म्होरक्या मलिक हसन हा आपल्या या मलिक अहमदाचा बाप. घरच्यांचा कैवार घेणाऱ्याच्या पुत्राने स्थापिलेल्या याच नगरीत पुढे मलिक-ए-मैदान ही अजस्र तोफ ओतली ती एका रूमी कारागिराने, आणि मोडकळीस आलेली निजामशाही एका पिढीपुरती सावरून धरली ती मलिक अंबर या हबशाने, हे लक्षात घेतले म्हणजे घरचे कोण आणि बाहेरचे कोण हा वाद या मातीत किती जुना आणि किती अनिर्णित आहे याची कल्पना येते.

बेसबॉलच्या संघबांधणीवर लिहावयास बसून पाच शतके मागे जाण्याचे प्रयोजन एवढेच की, दरसाल जून महिन्यात महाविद्यालयांचे प्रवेश सुरू झाले म्हणजे हाच तंटा, तलवारी तेवढ्या वगळून, शारीरिक शिक्षण संचालकाच्या टेबलापुढे पुन्हा उभा राहतो. संघात तालुक्यातील मुले घेऊन ती हळूहळू घडवावीत, की परप्रांतातला तयार खेळाडू हेरून त्याच्या नावे प्रवेशाची पावती फाडावी? घरची मुले घेतली तर चषक शेजारच्या कॉलेजात जातो. बाहेरची आणली तर संस्थेचे विश्वस्त, गावातील वडीलधारी मंडळी आणि राखीव बाकावर बसलेल्या मुलांचे पालक एकमुखाने विचारतात की, हे कॉलेज आहे तरी कोणाचे? क्रिकेट, कबड्डी, कुस्ती यांत घरची भरती मुबलक असल्यामुळे हा प्रश्न निभावून नेता येतो. बेसबॉल हा आपल्याकडे अजून पाहुणा आहे, म्हणून त्यात तो टाळता येत नाही.

पाहुणा म्हणावे तर या पाहुण्याचे देशबांधव मात्र नगरला फार पूर्वी येऊन राहिले. अमेरिकन मराठी मिशनची मंडळी १८३१ च्या डिसेंबरात येथे दाखल झाली, त्यांनी शाळा काढल्या, छापखाने चालविले, आणि त्या परंपरेच्या छायेतच डॉ. भा. पां. हिवाळे यांनी १९४७ साली अहमदनगर कॉलेजची स्थापना केली. पण बेसबॉलचे पहिले लेखी नियम न्यूयॉर्कात तयार झाले ते १८४५ साली, तेव्हा पहिल्या तुकडीने तो खेळ गाठोड्यात बांधून आणला नाही याबद्दल तिला बोल लावता येणार नाही. भारतात या खेळाची राष्ट्रीय संघटना निघाली ती १९८३ साली. महाराष्ट्रात मात्र त्याच्या धाकट्या बहिणीने, म्हणजे सॉफ्टबॉलने, आधीच घर केलेले होते, आणि आज बेसबॉलची बॅट हाती धरणारा बहुतेक मराठी मुलगा किंवा मुलगी सॉफ्टबॉलच्या अंगणातूनच आलेली असते.

हा खेळ ज्यांचा, त्या अमेरिकेत विद्यापीठीय संघाचा प्रशिक्षक हा अर्धा शिक्षक आणि अर्धा मुलूखगिरीवर निघालेला शिलेदार असतो. उन्हाळाभर तो आणि त्याचे सहायक गावोगावच्या मैदानांच्या जाळीपाशी, हातात चेंडूचा वेग मोजणारी रडार गन घेऊन, सोळासतरा वर्षांच्या मुलांचे खांदे न्याहाळीत उभे असतात. मुलगा आपल्याकडील अकरावीच्या तोलाच्या वर्गात जाण्यापूर्वीच्या १ ऑगस्टपर्यंत त्याच्याशी स्वतः होऊन बोलणी करण्यास नियमाने मनाई आहे. ती तारीख उजाडली की त्या घरचा फोन पहाटेपासून वाजू लागतो. परंतु या सर्व शिकारीचा खरा कणा क्रीडाकौशल्यात नसून जमाखर्चात आहे, आणि तो समजल्यावाचून तेथील 'राज्यातला' व 'राज्याबाहेरचा' या भेदाचा अर्थ आपल्याला उलगडत नाही.

अमेरिकेतील सरकारी विद्यापीठे ही ज्या त्या घटक राज्याची असतात, आणि त्या राज्याच्या करातून ती पोसली जात असल्यामुळे तेथील रहिवाशाच्या मुलाला फी कमी आणि परराज्यातून येणाऱ्याला ती दुप्पट-तिप्पट, असा सर्रास रिवाज आहे. आता, महाविद्यालयीन क्रीडांचे नियमन करणाऱ्या एन. सी. ए. ए. या संस्थेने पहिल्या श्रेणीच्या बेसबॉल संघासाठी बरीच वर्षे फक्त ११.७ शिष्यवृत्त्यांची मर्यादा घातलेली होती. हा चमत्कारिक अपूर्णांक कोणा विक्षिप्त कारकुनाच्या डोक्यातून निघाला असे वाटेल. वस्तुतः पूर्वीच्या १३ शिष्यवृत्त्यांना दहा टक्क्यांची कात्री लागली, आणि उरले ते ११.७. संघात पस्तीस मुले आणि वाटायला अकरा-बारा शिष्यवृत्त्या, तेव्हा त्यांचे तुकडे करणे ओघानेच आले: जास्तीत जास्त २७ जणांत वाटप, आणि ज्याला द्यायची त्याला निदान पाव तरी द्यायची, असा दंडक होता. समजा, राज्यातल्या मुलाचा वर्षाचा खर्च वीस हजार डॉलर आणि बाहेरच्याचा चाळीस हजार आहे. दोघांनाही पाव शिष्यवृत्ती दिली तर प्रशिक्षकाच्या वहीत दोघांचीही नोंद सारखीच, पाव. पण एकाच्या बापाला पंधरा हजारांची तजवीज करावी लागते आणि दुसऱ्याच्या बापाला तीस हजारांची. बाहेरच्याला ओढून आणायचे तर त्याला अर्धी किंवा पाऊण द्यावी लागते, आणि तेवढ्याने घरच्या दोन-तीन मुलांचा वाटा कापला जातो. म्हणून प्रशिक्षकाचा शहाणपणा असा ठरला की, संघाची बहुसंख्या घरच्या राज्यातून भरावी, आणि परराज्यातून आणायचा तो फक्त असा गडी की ज्याच्या जोडीचा आपल्या राज्यात मिळतच नाही; बहुधा एखादा पिचर, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणारा.

काही राज्यांनी यात आणखी एक भर टाकली. जॉर्जिया राज्य १९९३ पासून लॉटरीच्या उत्पन्नातून 'होप' नावाची शिष्यवृत्ती चालविते. ती गुणांवर मिळते आणि राज्यातल्या राज्यातच वापरता येते, त्यामुळे अभ्यासात बरा असलेला स्थानिक खेळाडू घर सोडण्यापूर्वी दहादा विचार करतो. तरीही याच जॉर्जियातून कुमार रॉकर नावाचा एक धिप्पाड मुलगा शेजारच्या टेनेसी राज्यातील व्हँडरबिल्ट विद्यापीठात गेला. त्याचे नाव आपल्या कानाला ओळखीचे वाटते ते उगीच नव्हे. त्याची आई भारतीय वंशाची, तर वडील अमेरिकन फुटबॉलमधील नामांकित खेळाडू व प्रशिक्षक. व्हँडरबिल्ट हे खाजगी विद्यापीठ असल्यामुळे तेथे राज्याबाहेरच्याला वेगळी फी नाही, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने हीच बाब मोलाची आहे: जेथे फीचा भेद नाहीसा होतो तेथे मुलखाचा भेदही पातळ होतो, आणि असे विद्यापीठ साऱ्या देशात जाळे फेकू शकते. २०१९ साली, पहिल्याच वर्षी, रॉकरने ड्यूक विद्यापीठाविरुद्ध एकही हिट न देता १९ फलंदाज स्ट्राइकआउट केले आणि त्याच हंगामात ओमाहा येथे व्हँडरबिल्टने राष्ट्रीय विजेतेपद मिळविले. पुढे २०२४ च्या सप्टेंबरात तो टेक्सास रेंजर्सकडून व्यावसायिक बेसबॉलच्या सर्वोच्च श्रेणीत उतरला.

हवामानाचाही या व्यवहारात मोठा हात आहे. टेक्सास, फ्लॉरिडा, कॅलिफोर्निया ही उबदार राज्ये वर्षभर मैदानावर असतात. मिनेसोटा वा मिशिगनच्या मुलाला मार्च महिन्यातही खिडकीतून बर्फ बघत बसावे लागते. साहजिकच उत्तरेचे प्रशिक्षक दक्षिणेकडे वाऱ्या करतात. शिवाय दोन वर्षांची कनिष्ठ महाविद्यालये हा एक वेगळाच घाट आहे, जेथे अठराव्या वर्षी कच्ची राहिलेली मुले विसाव्या वर्षी पिकून निघतात आणि मोठ्या विद्यापीठांना तयार मिळतात. अलीकडे मात्र या व्यवस्थेचा साराच पट विस्कटला आहे. २०१८ पासून खेळाडूने आपले नाव एका नोंदवहीत, ज्याला तेथे ट्रान्सफर पोर्टल म्हणतात, टाकले की कोणीही प्रशिक्षक त्याला आपल्याकडे बोलावू शकतो. आणि २०२५ साली न्यायालयाने मंजूर केलेल्या एका तडजोडीनंतर, ती मान्य करणाऱ्या विद्यापीठांपुरती ११.७ ची मर्यादा जाऊन तिच्या जागी संघात ३४ खेळाडूंची कमाल संख्या आली. म्हणजे धनवान विद्यापीठाला आता ३४ च्या ३४ मुलांना पूर्ण शिष्यवृत्ती देण्याची मुभा आहे. माझ्या मते यात गरीब मुलाचे कल्याण आहे आणि गरीब विद्यापीठाचे अकल्याण. पण तो हिशेब अमेरिकनांनी करावा.

आपल्याकडे असा व्यवहार नाही, परंतु भरतीची परंपरा मात्र आहे, आणि ती विद्यापीठांच्या आधी संस्थानिकांनी घालून दिली. इंदूरच्या होळकरांनी कर्नल सी. के. नायडूंना आपल्या पदरी ठेवून जो क्रिकेटचा संघ उभा केला त्याच्याकडून १९४४-४५ च्या रणजी अंतिम सामन्यात खुद्द डेनिस कॉम्प्टन खेळला. हा इंग्रज त्या काळी लष्करी नोकरीनिमित्त महूच्या छावणीत होता, आणि मुंबईविरुद्धच्या त्या सामन्यात त्याने नाबाद २४९ धावा केल्या. सामना तरीही होळकर हरले. बडोदेकरांनी सांगलीत जन्मलेल्या विजय हजाऱ्यांना आपलेसे केले, आणि १९४६-४७ च्या अंतिम सामन्यात त्यांनी लाहोरच्या गुल महंमदाबरोबर ५७७ धावांची भागी रचली. सांगलीचा एक, लाहोरचा एक, आणि नाव बडोद्याचे. त्याबद्दल बडोद्यात कोणी कुरकुर केल्याचे ऐकिवात नाही. नगर जिल्ह्यानेही या बाजारात माल पाठविलेला आहे. श्रीरामपूरचा जहीर खान मुंबईच्या क्लब क्रिकेटातून चेन्नईच्या एम. आर. एफ. पेस फाउंडेशनमध्ये गेला आणि प्रथम श्रेणीत उतरला तो बडोद्याकडून. म्हणजे बडोद्याच्या लेखी तो परप्रांतीच होता. आपल्या गावचा मुलगा बाहेर गेला की ती त्याची गुणग्राहक कदर, आणि बाहेरचा मुलगा आपल्या गावी आला की तो आगंतुक, हा दुटप्पीपणा खेळाच्या चाहत्यांत सर्वत्र आढळतो.

विद्यापीठीय क्रीडांत हा प्रघात आज पंजाबात सर्वाधिक जोमात आहे. अमृतसरच्या गुरू नानक देव विद्यापीठाने मौलाना अबुल कलाम आझाद चषकावर अनेकवार नाव कोरले, आणि अलीकडे त्या भागातील खाजगी विद्यापीठांनी फीमाफी, वसतिगृह व खुराक यांची सोय करून देशभरचे खेळाडू जमविले. महाराष्ट्रात अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे उदाहरण अधिक मनोज्ञ आहे. वैद्य बंधूंनी १९१४ साली स्थापिलेल्या या संस्थेने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखविली. तिच्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयात पार ईशान्येकडील राज्यांतून मुले येतात, आणि ती कोणी हेरून आणलेली नसतात. संस्थेचा लौकिकच त्यांना आणतो. एखाद्या विषयाची विद्या एके ठिकाणी खोल रुजली म्हणजे दूत पाठवावे लागत नाहीत, हा भरतीचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मंद मार्ग होय.

आता भिंगारच्या उंबरठ्यावरील नगरच्या महाविद्यालयांपुढे वाट कोणती आहे ते पाहू. ही महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कक्षेत येतात, आणि त्या विद्यापीठाच्या क्रीडास्पर्धा विभागवार होतात. कॉलेजाकॉलेजांत सामने होतात, त्यांतून नगर विभागाचा संघ निवडला जातो, विभागाविभागांत सामने होऊन विद्यापीठाचा संघ ठरतो, आणि तो आंतरविद्यापीठ स्पर्धेस जातो. यातील गंमत अशी की, जी कॉलेजे पहिल्या फेरीत एका परप्रांतीय पिचरवरून एकमेकांची गचांडी धरतात त्यांचीच मुले काही आठवड्यांनी त्याच पिचरच्या मागे, एकाच विभागाच्या बनियनमध्ये, क्षेत्ररक्षणाला उभी असतात. एका कॉलेजाने आणलेला गुण अखेर जिल्ह्याच्या खाती जमा होतो. खेळाडू त्या कॉलेजचा पूर्णवेळ विद्यार्थी असावा लागतो, नोकरदार चालत नाही, वयाची आणि बारावी झाल्यापासूनच्या वर्षांची मर्यादा असते. परराज्यातील मंडळातून वा विद्यापीठातून आलेल्यास स्थलांतराचा दाखला आणि पात्रता प्रमाणपत्र या दोन कागदांवाचून मैदानात पाऊल ठेवता येत नाही. उत्तम पिचर हाताशी असून त्याचा एक दाखला मूळ गावच्या दफ्तरात अडकल्यामुळे तो मंडपात बसून सामना पाहतो आहे, हा देखावा विद्यापीठीय मैदानांवर दुर्मिळ नाही.

कॉलेज खेळाडूला देऊ काय शकते? फीत सवलत, वसतिगृहात खोली, ग्लोव्ह आणि शूज, स्पर्धेचा प्रवासखर्च. शिवाय महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत प्रावीण्यप्राप्त खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, आणि ग्रामीण पालकाच्या मनावर दुसऱ्या कोणत्याही युक्तिवादापेक्षा या एका कलमाचा प्रभाव अधिक पडतो. परराज्यातील मुलाला त्या कलमाचा उपयोग नाही. अमेरिकेत स्थानिकाचे पारडे फीने जड होते. येथे ते नोकरीच्या आशेने जड होते, एवढाच फरक.

तेव्हा आधी घरचा शोध घ्यावा. आणि घरचा शोध घ्यावयाचा तर बेसबॉलला कोणता बाहू हवा असतो हे पक्के ध्यानात ठेवले पाहिजे. पिचर उभा राहतो त्या पट्टीपासून फलंदाजाची प्लेट १८.४४ मीटरवर, म्हणजे क्रिकेटच्या खेळपट्टीहून दीडेक मीटर जवळच. चेंडू क्रिकेटच्या चेंडूहून थोडा हलका. पण तो टप्पा न घेता थेट येतो, आणि ताशी १४० किलोमीटरने आला तर फलंदाजाला निर्णयासाठी अर्धे सेकंदही मिळत नाही. हा वेग कोपर वाकवून, मग ते आसुडासारखे उलगडून निर्माण करावयाचा असतो. क्रिकेटमध्ये हेच पाप आहे. गावोगावच्या टेनिस चेंडूच्या सामन्यांत प्रत्येक संघात एखादा तरी मुलगा असा असतो की, ज्याचा चेंडू विलक्षण वेगाने येतो आणि ज्याच्याबद्दल प्रतिस्पर्धी कर्णधार पहिल्याच षटकात पंचाकडे तक्रार नेतो की हा टाकत नाही, फेकतो. या 'फेकी' म्हणून हिणविल्या गेलेल्या आणि अखेर सीमारेषेवर हद्दपार झालेल्या मुलांची एक यादी पाथर्डी, शेवगाव, पारनेर, कर्जत या तालुक्यांतून करावी. क्रिकेटने नाकारलेला हा माल बेसबॉलच्या दृष्टीने अस्सल आहे, आणि तो मिळविण्यासाठी कोणाशी स्पर्धा करावी लागत नाही.

हा तर्क हवेतला नाही. २००८ साली जे. बी. बर्नस्टाइन नावाच्या अमेरिकन क्रीडा-मध्यस्थाने भारतात 'मिलियन डॉलर आर्म' या नावाने वेगवान फेकीची स्पर्धा भरविली, तेव्हा हजारो स्पर्धकांतून पुढे आले ते रिंकू सिंग आणि दिनेश पटेल; दोघेही उत्तर प्रदेशातील वाराणसीच्या मुलखातले, आणि दोघेही भालाफेक करणारे. त्यांनी तोवर बेसबॉलचा चेंडू हाती धरलेला नव्हता. टॉम हाउस या जुन्या पिचरने त्यांना काही महिने शिकविले, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात पिट्सबर्ग पायरेट्सने दोघांशी करार केला. सर्वोच्च श्रेणीपर्यंत दोघांपैकी कोणीही पोचला नाही, आणि मला वाटते चित्रपट काढणाऱ्यांनी २०१४ साली या गोष्टीला जो सुखान्त रंग दिला त्यात हा भाग निसटला. पण खांदा तयार असेल तर खेळ शिकविता येतो, हे त्यांनी सिद्ध केले. तेव्हा जिल्हा ॲथलेटिक्स स्पर्धेत भालाफेकीच्या मैदानाकडेला एक माणूस वही घेऊन बसविणे हा कोणत्याही कॉलेजाला परवडणारा खर्च आहे. खो-खोतील चपळ मुले बेस चोरण्यास योग्य, कारण खुंटाशी झेप घेण्याची त्यांना भीती उरलेली नसते. डावखुऱ्या मुलाला तर सहसा सोडूच नये. डावखुरा पिचर हा अमेरिकेतही दुर्लभ आणि म्हणून महाग असतो. मुलींच्या बाबतीत आपण अमेरिकेहून किंचित पुढारलेले आहोत असे म्हणावे लागेल, कारण तेथे विद्यापीठांतून मुलींना सॉफ्टबॉल आणि मुलांना बेसबॉल अशी विभागणी आहे, तर आपल्याकडे मुलींच्याही बेसबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धा होतात.

घरच्या भरतीत एक अडचण मात्र अशी आहे की जिचा उल्लेख क्रीडाविषयक लेखांत क्वचितच येतो. पाथर्डी, शेवगाव या पट्ट्यातील असंख्य कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला बाहेर पडतात आणि उन्हाळ्यात परततात. मुलगा कोयता घेऊन बापाबरोबर गेला नाही तरी घरचे जनावर, म्हातारे आजी-आजोबा आणि धाकटी भावंडे त्याच्या गळ्यात पडतात. आणि सराव, विभागीय सामने, विद्यापीठाची शिबिरे ही याच महिन्यांत येतात. अशा मुलाला हवी असते ती वसतिगृहातील खाट आणि दोन वेळचे जेवण. जो तालुक्याचा, त्याला वसतिगृहाची गरज काय, असा संस्थाचालकांचा समज असतो, आणि खोल्या परगावच्या खेळाडूंसाठी राखून ठेवल्या जातात. वस्तुस्थितीत चाळीस किलोमीटरवरचा हा मुलगा परप्रांतीयाहून अधिक निराधार असतो.

परप्रांतीयांसाठी तर भिंगारकरांना फार लांब जावयास नको. भिंगार कॅम्पाच्या पलीकडे पसरलेल्या छावणीत आर्मर्ड कोअरचे केंद्र व विद्यालय आहे, मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचे केंद्र आहे, आणि त्यांच्या निवासी वसाहतींतून पंजाब, हरयाणा, राजस्थान, तामिळनाडू, आसाम अशा सर्व दिशांची कुटुंबे राहतात. इतर कॉलेजांना जे खेळाडू रेल्वेने जाऊन शोधावे लागतील ते येथे संध्याकाळी भिंगारच्या बाजारात भाजी घेताना दिसतात. ही मुले केंद्रीय विद्यालयांत शिकलेली, शिस्तीत वाढलेली, दर दोन-तीन वर्षांनी नव्या गावात नव्याने मैत्री जोडण्यास सरावलेली असतात. त्यांना संघात मिसळण्यास आठवडा पुरतो. सुभेदारसाहेबांकडे जाऊन, चहा घेऊन, 'आपला मुलगा पुण्याला पाठविण्यापूर्वी एकदा आमचे मैदान बघा' एवढे म्हणण्याचा उपक्रम नगरच्या कॉलेजांनी नेमाने करावा. मैदानही दाखविण्यासारखे आहे: हा सारा भाग पर्जन्यछायेतला, कोकणातील वा घाटमाथ्यावरील मैदाने चिखलात रुतलेली असतात त्या दिवसांतही येथे सराव चालू राहू शकतो. मात्र मुरमाड कठीण जमिनीवर चेंडू वेडावाकडा उसळतो. आतल्या रिंगणापुरती तरी माती चाळून घातलीच पाहिजे.

बदलीचा हुकूम हा या भरतीतला खोडा. बाप जबलपूरला रुजू झाला की मुलगाही बहुधा जातो, आणि हंगाम अर्ध्यावर असला तरी लष्कराच्या दफ्तराला त्याचे सोयरसुतक नसते. म्हणून संघाची रचना करताना कोणती जागा कोणाला द्यावी याचा विचार मुलखाच्या अभिमानाने करू नये, मुदतीच्या हिशेबाने करावा. पिचर कोठूनही आणावा. त्याचे काम एका खांद्याचे आहे. सामन्यागणिक त्याला विश्रांती द्यावी लागते म्हणून तसे तीन तरी लागतात, आणि एक गेला तर दुसरा उभा करता येतो. आउटफिल्डला, पहिल्या बेसला छावणीतील उंच मुलगा खुशाल ठेवावा. परंतु प्लेटमागे मुखवटा चढवून बसणारा कॅचर हा नगर जिल्ह्यातलाच असावा असे माझे स्पष्ट मत आहे. साऱ्या मैदानाकडे तोंड करून बसलेला तो एकटाच. कोणता चेंडू टाकायचा याची खूण तो करतो, पिचरचा तोल गेला की खेळ थांबवून त्याच्यापर्यंत चालत तो जातो, कोणत्या फलंदाजाला काय पचत नाही याची तीन वर्षांची टिपणे त्याच्या डोक्यात असतात. गुडघे मोडून तासन्‌तास बसण्यास तालमीत घडलेल्या मांड्या लागतात, त्या या भागात दुर्मिळ नाहीत. आणि हरयाणवी पिचरला हिंदीत धीर देऊन त्याच दमात तिसऱ्या बेसवरच्या जामखेडच्या गड्याला मराठीत दम भरणे हेही त्याच्याकडूनच साधते. प्रवेशाच्या पहिल्या वर्षी असा एक मुलगा हेरून त्याच्या वसतिगृहाच्या खोलीची तीन वर्षांची तरतूद करून ठेवावी, आणि मगच पिचरच्या शोधात छावणीकडे किंवा स्टेशनाकडे वळावे.